द्राक्षबागेची जमीन आणि बाटलीतले जिवाणू

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची सव्वादोन एकर थॉम्सन द्राक्षांची बाग होती. वडिलांनी ती अठरा वर्षे सांभाळली. दर आणि खर्च यांचा मेळ बसेना म्हणून गेल्या वर्षी आम्ही ती काढली. आता तिथे भाजीपाला करून तो विषमुक्त म्हणून नाशिक-पुण्याच्या ग्राहकांना थेट विकावा आणि पुढे सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यावे, असा माझा विचार आहे. टोमॅटो बरा आला. पण पंपघराजवळ, जिथे औषध कालवून ब्लोअर (फवारणी यंत्र) भरायचो आणि धुवायचो, त्या दोनेक गुंठ्यांत रोपे पिवळी पडून मेली, गवतसुद्धा उगवत नाही. एका शिबिरात भेटलेल्या विक्रेत्याने ‘जनुक-संस्कारित’ जिवाणूंचे द्रावण सुचवले आहे : लिटरला २,२०० रुपये, एकरी ४ लिटर, तीन वेळा ठिबकमधून. तो म्हणतो, हे जिवाणू सगळी कीटकनाशके खाऊन टाकतात. वडील म्हणतात, जमिनीला तिचे तिला करू द्या. एक बाटली तो नमुना म्हणून ठेवून गेला आहे. घ्यावे का? आणि त्या बाटलीचे काय करू?

– एक वाचक, निफाड

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आधी हिशेब करू. २,२०० रुपये लिटरचे द्रावण, एकरी ४ लिटर, तीन वेळा आणि सव्वादोन एकर, म्हणजे ५९,४०० रुपये होतात. हे पैसे तुम्ही खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विक्रेता सांगतो ते सगळेच थोतांड आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यामागचे शास्त्र खरे आहे. ते कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे त्याने तुम्हाला सांगितलेले नाही. तुमच्या पत्रात खरे तर दोन जमिनी आहेत : एक सव्वादोन एकरांची, जिच्यात अठरा वर्षांच्या फवारण्यांचे अंश पातळ पसरलेले आहेत, आणि दुसरी पंपघराजवळची दोन गुंठ्यांची, जिथे हेच सगळे घट्ट साचलेले आहे. या दोन दुखण्यांना एकच औषध चालणार नाही, आणि दोन्हीकडे एकच बाटली ओतायला सांगणाऱ्या माणसाने जमीन पाहिलेली नाही एवढे नक्की.

कीटकनाशक खाणारे जिवाणू असतात हे आपल्याच एका शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. एन. सेतुनाथन यांनी टी. योशिदा यांच्याबरोबर फिलिपिन्समधील भाताच्या खाचरातून असा जिवाणू वेगळा काढला, जो डायझिनॉन आणि पॅराथिऑन या फॉस्फरसयुक्त विषांचे तुकडे करत असे. हे काम १९७३ साली प्रसिद्ध झाले. सेतुनाथन यांनी पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत याच विषयावर दीर्घकाळ काम केले. त्या जिवाणूत जे विकर (एन्झाइम, म्हणजे रेणू तोडण्याचे काम करणारे प्रथिन) सापडले, ते तयार करणारे जनुक नंतर इतर जिवाणूंत घालून ते विकर मोठ्या प्रमाणावर बनवता येऊ लागले. त्याच जातीचे, पण दुसऱ्या जिवाणूपासून मिळालेले विकर ऑस्ट्रेलियात मेंढ्या औषधात बुचकळल्यानंतर उरणारे दूषित पाणी साफ करण्यासाठी बाजारात आणले गेले. तिथे पाण्यात टाकले ते विकर होते, जिवंत जिवाणू नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मूळ बंगालचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले आनंद मोहन चक्रवर्ती यांचे नाव तुमच्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. तेल खाणाऱ्या जिवाणूच्या पेटंटचा त्यांचा खटला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला गेला, म्हणून ते जगाला माहीत आहेत. शेतकऱ्याच्या कामाचे त्यांचे संशोधन मात्र वेगळेच आहे. व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या ‘एजंट ऑरेंज’मधील २,४,५-टी या तणनाशकावर जगणारा जिवाणू त्यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत वाढवला आणि तो विषारी मातीत सोडला. विष झपाट्याने कमी झाले आणि ज्या मातीत रोप तग धरत नव्हते तिथे ते वाढू लागले. मग विष संपले, आणि त्याबरोबर त्या जिवाणूंची संख्याही घसरली. हा उलगडा फार महत्त्वाचा आहे, कारण असा जिवाणू जिथे त्याचे खाद्य ढिगाने पडलेले असते तिथेच टिकतो. तुमच्या सव्वादोन एकरांत ते खाद्य किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात आहे, आणि एवढ्यावर त्याची चूल पेटत नाही.

जनुक बदललेला जिवाणू कीटकनाशकाच्या किंवा तणनाशकाच्या मातीवर वापरल्याचे जे मोजके प्रयोग उघड्यावर झाले, त्यांतला सर्वांत नीट नोंदवलेला प्रयोग अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातला आहे. तिथे अॅट्राझीन हे तणनाशक सांडले होते. हे तेच अॅट्राझीन, जे आपल्याकडे ऊस-मक्यात फवारतात. काही मातीत त्याचे प्रमाण २९,००० पीपीएमपर्यंत होते, म्हणजे किलोभर मातीत २९ ग्रॅम. मूठभर मातीत ते चिमटीने मोजता यावे इतके. मिनेसोटा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अॅट्राझीन तोडणारे जनुक एका साध्या जिवाणूत घातले, त्याच्याकडून भरपूर विकर बनवून घेतले आणि मग ते जिवाणू मारून, पेशी शाबूत राहतील अशी रासायनिक प्रक्रिया करून मातीत मिसळले. आठ आठवड्यांनी अशा वाफ्यांत अॅट्राझीन ५२ टक्क्यांनी कमी भरले, आणि ज्या वाफ्यांत या मेलेल्या पेशींबरोबर स्फुरदही दिला होता तिथे ७७ टक्क्यांनी. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. आता यातले दोन शब्द पुन्हा वाचा : ‘सांडले होते’ आणि ‘मारून’. वापर सांडलेल्या जागी झाला आणि जिवाणू मेलेला होता. जिवंत, जनुक बदललेला जिवाणू मोकळ्या रानात सोडण्याचे धाडस ज्यांनी तो बनवला त्यांनीही केले नाही.

जिवंत जिवाणू सोडून पाहिल्याचा दाखला टेनेसीतील ओक रिजचा आहे. तिथे १९९६ मध्ये नॅप्थलीनवर जगणारा आणि ते तोडताना उजेड देणारा एक जिवाणू, सरकारी परवानगीने, मातीने भरलेल्या बंदिस्त खोल टाक्यांत सोडण्यात आला. टाक्या अशासाठी, की त्याने बाहेर जाऊ नये. त्याची मोजणी पुढची काही वर्षे चालली आणि १४ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्याची संख्या पार ओसरलेली आढळली. एका जिवाणूमागे एवढी राखण झाली, आणि तुम्हाला तो ठिबकच्या व्हेंच्युरीतून (खत ओढून पाण्यात मिसळणाऱ्या नळीतून) सोडायला सांगितले जात आहे!

तो ओसरला का, हे समजण्यासाठी तुमच्याच शेताचा हिशेब घालून पाहू. एक एकराचा वरचा अर्धा फूट थर घेतला तर त्याचे वजन साधारण ८०० टन भरते, म्हणजे ८० कोटी ग्रॅम माती. चांगल्या जिवाणू-द्रावणात मिलिलिटरला १०० कोटी पेशी असतात असे उदारपणे धरू. तर ४ लिटरमध्ये ४ लाख कोटी पेशी होतील. आकडा छाती दडपणारा आहे, पण तो ८० कोटी ग्रॅमवर वाटला की ग्रॅममागे ५,००० पेशी येतात. आणि त्याच एका ग्रॅम मातीत आधीपासून नांदणारे जिवाणू किमान १० कोटी असतात. म्हणजे वीस हजार वस्तीच्या गावात एक परका माणूस राहायला आला, तोही चमच्याने भरवून वाढवलेला, आणि त्या गावात माणसे खाणारी जनावरे मोकळी फिरत आहेत. कारण मातीतले एकपेशीय प्राणी जिवाणूंवरच जगतात. पाण्याच्या थेंबाने त्याला जिथे नेऊन सोडले तिथून तो फार हलत नाही, आणि विष तर चिकणमातीच्या पापुद्र्यांत, जिथे तो पोहोचतच नाही अशा फटींत बसलेले असते. प्रयोगशाळेतल्या चंबूत चोवीस तासांत विष फस्त करणारा हा पठ्ठ्या रानात उपाशी मरतो, तो असा.

‘सगळी कीटकनाशके खातो’ हे वाक्य ऐकताच तुम्ही त्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावायला हवे होते. विकर हे पान्यासारखे असते. दहा-अकराचा पाना बारा नंबरच्या नटाला लागत नाही. अॅट्राझीनवरचा क्लोरीन काढणारे विकर इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला हात लावत नाही, आणि पॅराथिऑन तोडणारे विकर बुरशीनाशकापुढे नुसते बसून राहते. काही वेळा पहिला नट सुटतो आणि पुढचा अडतो. हुमणी-वाळवीसाठी आपण जे क्लोरपायरिफॉस ओततो, ते तुटल्यावर जो मुख्य तुकडा उरतो तो स्वतःच जिवाणूंना मारक असतो. त्यामुळे अर्धवट तोडणारा जिवाणू आपल्याच ताटात माती कालवतो, असे म्हणायला हरकत नाही.

आता तुम्ही पत्रात ज्याचा उल्लेखही केलेला नाही, आणि मला ज्याची सर्वांत जास्त शंका आहे, त्या गोष्टीकडे येतो. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण. एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या १०० लिटरमध्ये एक किलो मोरचूद असतो आणि मोरचुदाचा चौथा हिस्सा तांबे असते. एकरी ४०० लिटर पाणी लागले तर एका फवारणीत एक किलो तांबे बागेत गेले. डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने वर्षाला अशा तीन फवारण्या धरल्या, तर अठरा वर्षांत एकरी ५४ किलो. पान गळते, काडी छाटली जाते, पाऊस पडतो, आणि ते बहुतेक सगळे शेवटी जमिनीत उतरते. वरच्या अर्ध्या फुटात ते किलोमागे साठ-सत्तर मिलिग्रॅम भरते. तांबे हा धातू आहे, तो मूलद्रव्य आहे, त्याचे तुकडे करणारा जिवाणू निसर्गात नाही आणि कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही. जनुक बदलून कार्बनचे बंध तोडणारा जिवाणू बनवता येतो, तांबे नाहीसे करणारा बनवता येत नाही. बोर्डो सेंद्रिय शेतीत चालते म्हणून ते निरुपद्रवी असे आपण समजतो, पण युरोपने बागांना हेक्टरी वर्षाला सरासरी ४ किलो तांब्याचीच मर्यादा घातली आहे. आपल्या वरच्या हिशेबात हेक्टरी साडेसात किलो होतात. आणि तांबे फार झाले की झाडाला लोह घेता येत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. तुमच्या पंपघराजवळची रोपे पिवळी पडून मेली, हे वाक्य वाचून माझे लक्ष पहिल्यांदा तिकडेच गेले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली केलेल्या नियमांनुसार जनुक बदललेला कोणताही जीव, मग तो पीक असो वा जिवाणू, उघड्या वातावरणात सोडायला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची, म्हणजे जीईएसीची, मंजुरी लागते. आपल्याकडे शेतकऱ्याच्या रानात व्यापारी लागवडीत असलेले असे पीक एकच, २००२ साली मंजूर झालेला बीटी कापूस. विक्रेत्याकडे मंजुरीचे पत्र मागा. तो अमेरिकेत मक्याला नत्र पुरवणारे जनुक-संपादित जिवाणू शेतात वापरले जातात असे सांगेल. ते खरे आहे, पण ती तिथली मंजुरी, आणि कामही निराळे. तेव्हा दोनच शक्यता उरतात : बाटलीत खरोखर जनुक बदललेला जिवाणू असेल तर विक्री बेकायदा आहे, आणि नसेल, जे मला जास्त संभवनीय वाटते, तर याहून कितीतरी स्वस्त मिळणारे नेहमीचे जिवाणू-खत तुम्हाला २,२०० रुपयांना विकले जात आहे. शिवाय सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या राष्ट्रीय मानकांत जनुक बदललेल्या जीवांना मज्जाव आहे. ज्या प्रमाणपत्रासाठी तुम्ही जमीन साफ करायला निघालात, ते या बाटलीमुळेच हातचे जाईल. मला या पत्रातली ही सर्वांत मोठी विसंगती वाटते आणि ती तुमच्या लक्षात कोणी आणून दिली नाही याचे वाईट वाटते.

मग करायचे काय? पहिल्यांदा जमिनीत काय आहे ते पाहा, आणि त्यासाठी सुरुवातीला फारसा खर्च लागत नाही. तीन कुंड्या घ्या. एकीत पंपघराजवळची माती भरा, दुसरीत तीच माती घेऊन तिच्यात पाणी गाळण्याच्या यंत्रात असतो तसला सक्रिय कोळसा कुटून दोन-तीन चमचे नीट मिसळा, आणि तिसरीत बांधापलीकडची, कधी न फवारलेली माती भरा. तिन्हींत काकडीच्या आणि मोहरीच्या दहा-दहा बिया टाका, सारखे पाणी द्या आणि तीन आठवडे पाहा. कोळसा फवारणीच्या औषधांसारख्या कार्बनी विषाला धरून ठेवतो, तांब्याला किंवा क्षारांना तितकासा नाही. पहिली कुंडी मेली आणि दुसरी तिसरीसारखी तरारली, तर दोष औषधांच्या अंशांचा आहे. पहिली आणि दुसरी दोन्ही मेल्या, तर तांबे, क्षार किंवा ब्लोअरच्या चाकाखाली दडपून दगड झालेली जमीन यांच्याकडे पाहावे लागेल. विद्राव्य खतांची टाकीही बहुधा तुम्ही त्याच पंपघराशी ठेवत होता. जमले तर दोन गुंठ्यांत चार-पाच ठिकाणची माती वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, म्हणजे खरी जळकी जागा किती ते नेमके कळेल. माझा अनुभव असा, की शेतकरी दोन गुंठे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ब्लोअर धुण्याच्या फरशीभोवतीचा दहा-बारा फुटांचा तुकडाच खऱ्या अर्थाने मेलेला असतो.

त्यानंतर प्रयोगशाळा. सूक्ष्म अन्नद्रव्यांची साधी तपासणी कोणत्याही माती परीक्षण केंद्रात होते आणि तिच्यात तांब्याचा आकडा मिळतो. ०.२ पीपीएमच्या खाली कमतरता मानतात. तुमचा आकडा दोन अंकी आला तर ते बोर्डोचे देणे आहे असे समजा. औषधांच्या अंशांची तपासणी महाग असते, त्यामुळे नमुने दोनच पाठवा : एक मोठ्या रानाचा, दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून चतकोर पद्धतीने (चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत) कमी केलेला, आणि दुसरा जळक्या जागेचा, दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका. नमुना खताच्या गोणीत किंवा औषधाच्या रिकाम्या डब्यात भरू नका. हे सांगावे लागते, कारण असे नमुने मी पाहिले आहेत. काचेच्या बरणीत किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, थंड ठेवून लवकर पोहोचवा. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अंश-तपासणीत देशातली संदर्भ प्रयोगशाळा चालवते. बाग द्राक्षाची होती, तेव्हा तिथेच चौकशी करणे सोपे. बरोबर तुमच्या जुन्या फवारणीच्या वहीची प्रत द्या, कारण काय शोधायचे हे सांगितल्याशिवाय यंत्रही आंधळे असते. वडिलांना खास विचारा, की बाग लावण्यापूर्वी त्या रानात हुमणीसाठी बीएचसी पावडर टाकली जायची का. ती १९९७ साली बंद झाली, तिच्यातला लिंडेनही २०१३ पासून वापरातून गेला, पण अशी क्लोरीनयुक्त जुनी विषे जमिनीत दशके राहू शकतात.

मोठ्या रानाबद्दल तुमचे वडील बरेचसे बरोबर आहेत. जमिनीत वर्षानुवर्षे एखादे औषध पडत राहिले की ते खाणारे जिवाणू तिथे आपोआप वाढतात, आणि ते जनुक एकमेकांना देऊही लागतात. अॅट्राझीन तोडणारी जवळजवळ सारखीच जनुके वेगवेगळ्या खंडांतल्या मातीत सापडली आहेत. जे काम बाटलीतून आणायचे, ते करणारी मंडळी तुमच्या मातीत बहुतेक अगोदरच आहेत; ती अर्धपोटी आहेत, कारण अठरा वर्षे त्या जमिनीला औषध जितके मिळाले तितके शेणखत मिळाले नसावे. फक्त ‘तिचे तिला करू द्या’ म्हणजे पडीक टाकणे नव्हे. कोरड्या, उघड्या, तापलेल्या जमिनीत फारसे काही तुटत नाही. एकरी पाच-सहा टन चांगले कुजलेले शेणखत घाला, पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण पंचेचाळीस दिवसांनी, गाडा. त्यानंतर रान उघडे ठेवू नका, आच्छादन करा आणि वाफसा टिकवा, कारण जिवाणूंना ओल हवी आणि हवाही हवी. पाणी तुंबले की हवा जाते. माती तपासणीत स्फुरद कमी आला तर तोही द्या. साउथ डकोटाच्या वाफ्यांत नुसत्या स्फुरदाने काही झाले नाही, पण तोडणारा हजर असताना स्फुरदाने काम वाढवले, हे आपण पाहिलेच. ज्या औषधाचा अर्धा भाग जायला चार महिने लागतात, ते वीस महिन्यांत तीन टक्क्यांवर येते. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी भाजीपाल्यासारख्या हंगामी पिकांना दोन वर्षांचा रूपांतर काळ ठेवलेला आहेच. तेवढा अवधी तुमच्याजवळ तसाही आहे.

या काळात पीक निवडताना एक पथ्य पाळा. तपासणीत बीएचसीसारखे जुने क्लोरीनयुक्त अंश निघाले तर काकडी, लाल भोपळा यांसारखी वेलवर्गीय पिके पहिली दोन वर्षे त्या रानात घेऊ नका. या कुळातली झाडे मुळांवाटे असली विषे इतर भाज्यांपेक्षा जास्त ओढून घेतात आणि फळात नेतात. आणि ‘विषमुक्त’ हा शब्द पिशवीवर छापण्याआधी मातीचा नव्हे, भाजीचा अहवाल हातात असू द्या. ग्राहक माती खात नाही.

आता पंपघराजवळचा तुकडा. इथे मात्र जिवाणूंची आणि त्याहून जास्त बुरशीची मदत घ्यायची, आणि तीही बाटलीतली नव्हे. स्वीडनमध्ये १९९३ साली फवारणी यंत्रे भरण्या-धुण्याच्या जागेसाठी एक साधी युक्ती निघाली : साधारण दोन फूट खोल खड्डा, तळाला चिकणमातीचा थर, आणि त्यात निम्मे काड, पाव हिस्सा शेतातली माती व पाव हिस्सा पीट (दलदलीत अर्धवट कुजून साठलेला पालापाचोळा) यांचे मिश्रण, वर गवत. तिथे तिला जैवशय्या म्हणावे अशा अर्थाचे नाव आहे. काडावर पांढरी बुरशी वाढते, जी लाकडातले चिवट लिग्निन तोडते. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी असते, की ते तोडणारी विकरे एकाच नटाचा पाना नसतात, ती पक्कड असतात. समोर येईल त्या रेणूचा चावा घेतात. आपल्याकडे पीट नाही, त्याऐवजी जुने कंपोस्ट किंवा नारळाचा कोकोपीट चालेल, आणि काड म्हणून गव्हाचे काड उत्तम.

दोन गुंठ्यांचा अर्धा फूट थर उचलायचा म्हटले तर जवळपास ११ ब्रास माती निघेल, ते करू नका. कुंड्यांनी दाखवलेला सर्वांत जळका तुकडा, समजा दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि फूटभर खोल, एवढीच एक ब्रास माती काढा आणि तीच या मिश्रणात मातीचा हिस्सा म्हणून वापरा. हातात मोजे, तोंडाला फडके. एक ब्रास मातीला मिश्रण चार ब्रासचे होईल, त्यामुळे तळाला जाड ताडपत्री घालून, उंचवट्यावर, विहीर आणि ओढा यांपासून दूर ढीग लावणे तुम्हाला खड्ड्यापेक्षा सोयीचे पडेल. पावसाळ्यात वर पत्र्याचे छप्पर हवेच, नाहीतर विष तुटण्याऐवजी वाहून जाईल. हाताने दाबल्यावर ओल जाणवेल पण पाणी गळणार नाही इतका ओलावा ठेवा, दोन महिन्यांनी एकदा वर-खाली करा, आणि वर्षभराने पुन्हा त्याच तीन कुंड्यांची परीक्षा घ्या. त्यात काकडी नीट वाढली आणि अहवालही बरा आला, तरी ती माती भाजीच्या रानात पसरू नका, बांधावरच्या झाडांना घाला. कारण औषध तुटले तरी तांबे त्यात आहे तसेच असणार. उरलेल्या जागेला भरपूर शेणखत द्या, सबसॉयलरने (खोलवर जाणाऱ्या अवजाराने) दडपण फोडा आणि दोन-तीन वर्षे तिथे गवत किंवा बांबू असे न खाण्याचे काहीतरी लावा. पंपघराजवळच विहीर असेल, तर मातीच्या आधी तिचे पाणी तपासून घ्या. घरात तेच पाणी पीत असाल तर अहवाल येईपर्यंत दुसरीकडून आणा.

बाटलीबद्दल. ती उघडू नका, ‘पाहू तरी’ म्हणून कोपऱ्यातल्या चार झाडांना घालू नका, आणि विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर तर नकोच. लेबलवर जिवाणूचे पूर्ण नाव, मिलिलिटरमागे पेशींची संख्या, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक आहे का ते पाहा, मोबाईलवर चारही बाजूंचे फोटो काढा, आणि विक्रेत्याने दिलेले माहितीपत्रक व दरपत्रक यांसह ती बाटली तालुक्याच्या गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन जमा करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. विक्रेत्याचा फोन आला, तर जीईएसीच्या मंजुरीचे पत्र पाठवा, मग बोलू, एवढेच सांगा.

तीन कुंड्यांचे फोटो तिसऱ्या आठवड्यात मला पाठवा. दुसरी कुंडी कशी दिसते, हे पाहायची मला उत्सुकता आहे.